वाद्याची बैठक

देवघरांतला शंख अडणीवर ठेवतात. शंख कितीहि सुलक्षणी असला तरी अडणीवांचून तो लवंडतो, ही गोष्ट आम्हांस मुंजीच्या वयापासून ठाऊक आहे. असें असूनहि साठी उलटल्यानंतर एका अडणीच्याच पायीं आमची फजिती झाली, आणि ती आज वाचकांपुढें मांडण्याचा प्रसंग आला आहे. एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे, "मुलास शाळेच्या बँडपथकांत ड्रमसाठीं निवडलें आहे. घरीं सरावास स्टँड हवा म्हणतो. माफक किंमतींत कसा निवडावा? कीं खुर्चीवर ठेवून भागेल?" या प्रश्नाचें उत्तर आम्हीं ग्रंथांतून मिळविलेलें नाहीं, तें आम्हांस बेचाळीसशें रुपयांस पडलेलें आहे. तेव्हां तें विस्तारानेंच सांगितलें पाहिजे.

आमचें बिऱ्हाड देहूरोडास आहे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलनें आकुर्डी सोडली कीं पुढचें स्टेशन आमचें. एका अंगास लष्कराचीं भांडारें, दुसऱ्या अंगास पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने, आणि हांकेच्या अंतरावर तुकोबांचें देहू. त्यामुळें येथें चर्मवाद्यांस वाण नाहीं. आषाढी वारीच्या पालखीबरोबर गळ्यांत मृदंग अडकवलेले वारकरी जातात, भाद्रपदांत ढोल-ताशांचीं पथकें घुमतात, आणि लष्करी वस्तीच्या शेजारामुळें कवायतीचा बँडहि कानीं पडतो. अशा गांवांत वाढलेल्या आमच्या मधल्या नातीस, वय वर्षें अकरा, शाळेच्या बँडपथकांत साइड ड्रमसाठीं निवडलें, यांत नवल तें काय? नवल वाटलें तें आमच्या सौभाग्यवतींस. "अहो, पोरीचा गळा एवढा गोड. तिला पेटीवर बसवायचं सोडून हें काय बडवायला दिलंय?" असें म्हणून त्यांनीं आमच्याकडे अशा नजरेनें पाहिलें, जणू निवड आम्हींच केली होती.

आम्हीं त्यांस भरतमुनींचा दाखला दिला. नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, सुषिर, घन आणि अवनद्ध असे चार वर्ग केलेले आहेत, आणि चामड्यानें मढविलेल्या अवनद्ध वाद्यांस तेथें मोठा मान आहे. इतकेंच नव्हे, तर त्यांतील तीन मुख्य वाद्यांचीं नांवें तीं कशीं ठेवावयाचीं यावरूनच पडलेलीं आहेत : अंकावर, म्हणजे मांडीवर, आडवें घ्यावयाचें तें आंकिक, उभें ठेवावयाचें तें ऊर्ध्वक, आणि कवेंत धरावयाचें तें आलिंग्य. हा दाखला देतांना आमच्या लक्षांत यावयास हवें होतें कीं, ज्या पूर्वजांनीं वाद्याच्या नांवांतच त्याची बैठक गोंविली, त्यांस ती बैठक क्षुल्लक वाटत नव्हती. आपल्या घरचा तबलासुद्धां चुंबळीवांचून कोणी वाजवीत नाहीं. परंतु दाखला देणें वेगळें आणि त्याचा अर्थ आपल्या व्यवहारांत उतरविणें वेगळें.

शाळेनें सरावासाठीं ड्रम घरीं नेण्याची परवानगी दिली. पहिले आठ दिवस तो एका लांकडी खुर्चीवर ठेवून वाजविणें चाललें. नात म्हणे, "आजोबा, शाळेत कसा कडकड वाजतो, इथे नुसता धपधप वाजतोय." आम्हांस वाटलें, मुलांची सबब. वस्तुतः सबब नव्हतीच. या ड्रमला दोन तोंडें असतात. काठ्या पडतात त्या वरच्या पडद्यावर. खालचा पडदा अगदीं पातळ असून त्यास चिकटून तारांची एक पट्टी ताणलेली असते. वर आघात झाला कीं आंतली हवा खालच्या पडद्यास हालविते, त्या तारा त्यावर थरथरतात, आणि तो विशिष्ट कडकडाट उमटतो. खालचें तोंडच खुर्चीच्या फळीवर दाबून ठेवलें तर तारांनीं थरथरावें कसें? अडणीचें पहिलें काम हेंच कीं, ड्रमला केवळ कडेनें धरावें आणि खालचें तोंड मोकळें सोडावें.

पुढें वाचनांत आलें कीं, आमच्या नातीनें नकळत इतिहासच गिरविला होता. पाश्चात्त्य नाटकगृहांतले वादक एके काळीं ड्रम गळ्यांत अडकवीत किंवा सरळ खुर्चीवर ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील युलिसिस लीडी या वादकानें खालीं-वर करतां येणारा स्टँड बनविला आणि तेव्हांपासून ही खुर्ची हळूहळू सुटली. जी अडचण त्या धंदेवाईक वादकांस सोसवली नाहीं, ती आम्ही अकरा वर्षांच्या मुलीनें सोसावी अशी अपेक्षा करीत होतों.

अखेर आम्ही लोकलनें पुण्यास गेलों. कोणत्या पेठेंत, कोणत्या दुकानांत, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष आमचा होता. दुकानदारानें दोन स्टँड पुढें ठेवले. एक एकवीसशें रुपयांचा, दुसरा साडेआठशेंचा. स्वस्त स्टँडच्या मधल्या नळीवरचा पंखाचा नट आम्हीं फिरवून पाहिला. तो आवळतां आवळतां एकदम सैल पडला. पुन्हां आवळला, तेव्हां बसला. आमच्या मनांत शंकेची पाल चुकचुकली. परंतु साडेबाराशें रुपये वांचत होते, आणि काटकसरीचें व्रत आम्हीं आयुष्यभर मिरविलें आहे. मुलीचें वेड चार महिन्यांचें ठरलें तर? असा विचार करून आम्हीं स्वस्त स्टँड पिशवींत घातला.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं माजघरांत मोठा आवाज झाला. नळी खालीं सरकली, ड्रम कलला आणि शहाबादी फरशीवर कडेवर आदळला. वरचें लोखंडी कडें वांकलें आणि पडदा फाटला. ड्रम शाळेचा. मुलगी पांढरी फटक पडली. रात्रीं पंगतींत सूनबाईंनीं तीस विचारलें, "नीट जपून वाजवतां येत नाहीं का?" ती खालीं मान घालून म्हणाली, "माझ्याच हातून पडला." आणि आम्ही, तो नट कसा फिरत होता हें ठाऊक असलेले एकटे आम्ही, आमटीचे भुरके मारीत गप्प राहिलों.

वाचकहो, छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत सत्यावर निबंध लिहून घेतले. त्या रात्रींच्या पंगतीइतका खालचा क्रमांक आम्हीं कोणत्याहि विद्यार्थ्यास दिलेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें काठ्या कपाटांत ठेवून दिल्या. "मी नांव काढून घेणार आहे, आजोबा. माझा हात जड आहे." सव्वीस जानेवारीस पांच आठवडे उरले होते. त्याच दिवशीं सकाळीं शेजारचे एक गृहस्थ, लष्करी बँडांतून निवृत्त झालेले हवालदार, आमच्याकडे वर्तमानपत्र मागावयास आले होते. त्यांनीं कोपऱ्यांत पडलेला स्टँड उचलला, नट दोनदां फिरविला आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या हातात काही खोट नाही. ह्याचे आटे गेलेत." आतां गप्प बसणें अशक्य होतें. रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसलीं असतां आम्हीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभें राहून सांगितलें, "ड्रम हिच्या हातून पडला नाहीं. माझ्या कंजूषपणानें पडला. नट नीट बसत नाहीं हें मीं दुकानांतच पाहिलें होतें." कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें सौभाग्यवतींनीं नातीच्या पानांत न विचारतां तूप वाढलें. आमच्या पानाकडे त्या वळल्या नाहींत, आणि तें योग्यच होतें.

शाळेंत जाऊन आम्हीं हीच हकीकत मुख्याध्यापकांस सांगितली आणि कडें व पडदा यांचे साडेबाराशें भरले. नंतर हवालदारांस बरोबर घेऊन पुन्हां पुणें गांठलें आणि आधीं नाकारलेला एकवीसशेंचाच स्टँड घेतला. साडेआठशें, साडेबाराशें आणि एकवीसशें, एकूण बेचाळीसशें. काटकसरीनें एकवीसशांची वस्तु आम्हांस बरोबर दुपटीस पडली.

त्या दुसऱ्या खेपेस हवालदारांनीं दुकानांत जें शिकविलें, तें वाचक भगिनीच्या उपयोगाचें आहे म्हणून क्रमानें देतों.

पहिली गोष्ट आट्यांची. स्टँडवर जेवढे नट आणि पेच असतील तेवढे सर्व स्वतःच्या हातानें पूर्ण सैल करून पुन्हां आवळावे. नट अडखळत असेल, तिरका चढत असेल किंवा आवळल्यावर घसरत असेल, तर तो स्टँड फुकटहि घेऊं नये. मग हातानें वरून चांगला भार देऊन पाहावें. नळी केसभरहि खालीं सरकतां कामा नये. जेथें एक नळी दुसरींत जाते तेथें आंत नायलॉनची चकती असल्यास उत्तम. लोखंडावर लोखंड घांसत नाहीं आणि पकड टिकते.

दुसरी गोष्ट पायांची. पाय तीनच असतात, आणि त्यास कारण आहे. भूमितींत आम्ही शिकवितों कीं, एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच सपाटी जाते. म्हणून तिवई उंचसखल फरशीवरहि डगमगत नाहीं, चौपायी खुर्ची मात्र डुलते. पाय पुरेसे फांकवावे म्हणजे भार त्यांच्या त्रिकोणाच्या आंत पडतो. आणि ड्रम ज्या बाजूस कललेला असेल त्या बाजूस एक पाय आणावा. पायांस आधाराची पट्टी एकेरी असते किंवा दुहेरी. उथळ, हलक्या ड्रमला एकेरी पुरे. शाळेचा ड्रम खोल आणि जड असल्यास दुहेरीवर चार पैसे अधिक घालावे. पायांच्या टोकांस रबरी टोप्या आहेत ना, तेंहि पाहावें.

तिसरी गोष्ट वरच्या तीन बाहूंची. ड्रमला झेलणारी ही जणू तीन बोटांची मूठ असते. पथकांतला आणि ड्रमसंचांतला नेहमींचा ड्रम १४ इंच व्यासाचा असतो. कांहीं स्वस्त स्टँड मुळांत सरावाच्या लहान रबरी तबकडीसाठीं बनविलेले असतात व त्यांचे बाहू तितके उघडत नाहींत; म्हणून ड्रमच दुकानांत न्यावा, किंवा निदान सुतळीनें माप घ्यावें. बाहूंवर रबर असावें. ड्रम बसविल्यावर मूठ हलकेच मिटावी. फार आवळल्यास कडें चेपतें आणि नाद कोंडतो. तारा सैल-घट्ट करण्याची जी कळ ड्रमच्या अंगास असते, ती दोन बाहूंच्या मधल्या मोकळ्या जागेंत यावी, आणि एकहि बाहू खालच्या तारांस शिवूं नये.

चौथी गोष्ट कलाची. गळ्यांत अडकवलेला साइड ड्रम स्वभावतः एका अंगास कलतो. डाव्या हाताची काठी तळव्यांत उलटी धरण्याची जुनी लष्करी पद्धति त्या कलण्यांतूनच निघाली. शाळेंत तीच पकड शिकवीत असतील तर घरींहि ड्रम थोडा उजवीकडे कलता ठेवावा. दोन्ही काठ्या सारख्याच धरावयाच्या असतील तर तो सपाट असावा. यासाठीं स्टँडच्या मानेशीं एक सांधा असतो. दांते असलेला सांधा पायरीपायरीनें वळतो, पण नट जरा ढिला झाला तरी दांत्यांवर तग धरतो. बिनदांत्याचा हवा तितका वळतो, पण सर्व भिस्त आवळण्यावर. नवशिक्यास दांत्यांचा बरा. मात्र दांते झिजलेले नसावे.

पांचवी गोष्ट उंचीची, आणि हींत बहुतेकांची चूक होते. मूल उभें राहून वाजविणार असेल तर ड्रमची वरची कड नाभीच्या चार बोटें खालीं यावी, म्हणजे कोपर सैल राहतें आणि मनगट वांकत नाहीं. आमच्या नातीची नाभी जमिनीपासून ८४ सेंटिमीटर भरली. चार बोटांचे ७ उणे केले, ७७ राहिले. शाळेचा ड्रम १२ इंच, म्हणजे सुमारें ३० सेंटिमीटर खोल. तेव्हां स्टँडचे बाहू ४७ सेंटिमीटरांवर हवेत. त्याच मुलीजवळ साडेपांच इंच खोलीचा उथळ ड्रम असता तर तेच बाहू ६३ वर लागले असते. एकाच मुलीस दोन ड्रमांसाठीं दोन निराळ्या उंचीचे स्टँड लागूं शकतात तें असें. म्हणून घरून निघतांना हें गणित कागदावर मांडून न्यावें, आणि मूल वाढतें आहे हें जाणून वर आणखी दहा-पंधरा सेंटिमीटर जागा शिल्लक असलेला स्टँड घ्यावा. बसून वाजवावयाचें असेल तर कड मांडीच्या किंचित् वर यावी. खोल ड्रम साध्या स्टँडवर तितका खालीं येत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

इतकी काळजी कशासाठीं, असें कोणी विचारील. राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' नांवाची १९२८ सालची एक प्रसिद्ध रचना आहे. तींत स्नेअर ड्रमवाला आरंभापासून अखेरपर्यंत, सुमारें पाव तास, एकच छोटा बोल अखंड वाजवीत असतो. प्रथम अगदीं हलक्या हातानें, मग चढत्या जोरानें. ज्याच्या हाताखालचें वाद्य हालतें त्यास हें कसें साधावें? मुलाचा हात स्थिर व्हावयाचा तर आधीं त्याच्या हाताखालची वस्तु स्थिर हवी. डुलणाऱ्या अडणीवर शिकलेलें मूल काठीनें लय शिकत नाहीं, ड्रम सांवरण्यास शिकतें. आणि दोष आपल्या हाताचा मानूं लागतें. आमच्या घरीं तेंच झालें.

किंमतीविषयीं दोन शब्द. आजमितीस साधा पण भरंवशाचा स्टँड दोन हजारांच्या आसपास मिळावा. मेरठ शहरांतील जली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांच्या कारागिरीसाठीं प्रसिद्ध आहे. देशी बनावटीच्या वस्तूंस नाक मुरडण्याचें कारण नाहीं, नांवापेक्षां आटे पाहावे. वापरलेला स्टँड मिळत असेल तर तोहि चालेल. गंज वरवरचा असल्यास पुसला जातो, पण झिजलेले आटे परत येत नाहींत. आमच्या या औद्योगिक पट्ट्यांत वेल्डिंगचीं दुकानें जागोजाग आहेत, तेव्हां नळ्या जोडून घरचाच स्टँड करून घ्यावा असेंहि आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं सुचविलें. मजबूत होईल खरा. पण खालीं-वर होणारी नळी आणि कलणारी मान त्यास साधणें कठीण, आणि वाढत्या मुलास नेमकें तेंच हवें. ज्यांस एवढाहि खर्च जड असेल त्यांनीं आरंभीं रबरी तबकडी टेबलावर ठेवून हात बसवावा. त्यांत कमीपणा नाहीं, आणि शेजाऱ्यांचे दुवेहि मिळतात.

शेजाऱ्यांवरून आठवलें. बंद खोलींत ड्रमचा आवाज कानांस अपायकारक होण्याइतका मोठा असतो. सरावाच्या वेळीं वरच्या पडद्यावर जाड पंचा पसरावा, ताराहि कळ फिरवून सैल कराव्या, आणि दुपारचा निजण्याचा वेळ टाळावा. पावसाळ्यांत आमच्याकडे हवा फार दमट होते. तेव्हां स्टँड कोरड्या फडक्यानें पुसून, आट्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब सोडून ठेवावा. घट्ट पकडीच्या नळीवर मात्र तेल लागूं देऊं नये, ती घसरेल.

असो. सव्वीस जानेवारीस शाळेच्या मैदानावर पथक निघालें. संचलनांत ड्रम पट्ट्यानें गळ्यांत अडकवलेला असतो, त्यामुळें ज्या अडणीपायीं एवढें रामायण घडलें ती त्या दिवशीं घरींच होती. आमची नात दुसऱ्या रांगेंत होती. तिचा हात जड नाहीं. चांगला हलका आहे, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथमच नीट ऐकलें. सौभाग्यवती शेजारीं उभ्या राहून पाहत होत्या. घरीं परततांना त्या एवढेंच म्हणाल्या, "पेटी पुढच्या वर्षी बघूं."

आतां रोज संध्याकाळीं ती सरावास उभी राहते, तेव्हां काठ्या हातांत घेण्यापूर्वीं तिन्ही नट एकदां हातानें चांचपते. आणि मग आमच्याकडे पाहून विचारते, "आजोबा, तुम्ही पण बघता ना?" आम्ही चष्मा लावून, उठून, पुन्हां एकदां बघतों.